तांबडीची डावी सीट

सिद्धेश्वर, ५ सप्टेंबर

दादा, नमस्कार.

पत्र बघून दचकू नको, घरी सगळे धडधाकट हायत. फोन काहून केला न्हाई म्हणशील. फोन ह्यांच्या खिशात असतो, माझा तर पाण्यात पडून गेला तो गेलाच. अन् मला जे विचारायचं ते ह्यांच्या समोर विचारता येत न्हाई. उत्तर आमच्या घरी धाडू नको. अंगणवाडीच्या बेबीबाईच्या नावानं धाड. ती पोटात ठेवणारी बाई हाय.

विचारायचं एवढंच, मोटारीचा ब्रेक दुरुस्त करायला माणसाला किती खेपा वसमतला जावं लागतं?

तू ती तांबडी विलायती गाडी आमच्या दारात आणून सोडली, तवापासून मी सवतीसंगं संसार करून राहिले. तुझे डोळे गेले, लेकानं चालवू देणं बंद केलं, परक्याच्या हातात द्यायला तुझा जीव झाला न्हाई, हे मला सगळं कळतं. पण देताना दोन सीटांची गाडी एकट्या ह्यांच्या हाती दिलीस. दुसऱ्या सीटचं काय, ते कोणी ठरवलं न्हाई. वर्ष व्हायला आलं, मी एकदासुद्धा तिच्यात बसले न्हाई. आज धूळ लई हाय. आज पेट्रोल कमी हाय. पुढच्या येळंला नक्की. ट्रॅक्टर आला म्हणून बैलं विकली, गोठा फिनेलनं धुतला अन् तिथं तांबडीला बांधली. माझ्या न्हाणीला दार बसवा म्हणून मी सांगून सांगून थकले, तांबडीला मात्र नवा पडदा आला.

पोळ्याच्या आदल्या सांजंला सगळ्या गावात खांदमळण चाललेली. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून आवतन द्यायचं, अन् आमची दावण रिकामी. आयुष्यभर केलेलं काम, हात गप बसंनात. हे मोटरसायकलवर औंढ्याला गेलेले. मंग मी तांबडीच्याच चाकाला तूप-हळद चोळली अन् म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. उजवं अंग भिंतीला चिकटलेलं, म्हणून डावीकडलंच चाक घावलं. हसू नको. ह्यांना सांगितलं न्हाई, उगं वर्षभर चिडवत बसतील.

आता मुद्द्याचं. काही दिवसांपासून हे म्हणतात, ब्रेक मारला की गाडी उजवीकडं ओढती. रतनसिंग मिस्त्रीला दाखवायला वसमतला जातो म्हणतात. सकाळी जातात, दिवस कलल्यावर येतात, दोन दिवस झाले की पुन्हा निघतात. तोंडानं शीळ घालत निघतात दादा. ब्रेक बिघडलेला माणूस शीळ घालतो का?

अन् परवा तांड्यावरची जिवनबाई, आपल्याकडं हळद काढायला येते ती, मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमचे मालक गाडीत बाईमाणूस घेऊन चालले होते. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, मान खाली." मी म्हटलं, असंल कोणी पावणी. पण रात्रीचं जेवण मला गेलं न्हाई.

तू ती गाडी मोडीतून उभी केलेला माणूस. मला खरं सांग, ब्रेकला एवढ्या खेपा लागतात का हे ब्रेकच्या नावानं दुसरंच काही चाललंय?

तुझी द्वारका


नाशिक, १२ सप्टेंबर

द्वारके,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मधलं दिसतं मला, कडेचं दिसत नाही, त्यामुळे ओळ सुटते. पण तुझा एकही शब्द सुटला नाही.

आधी मला राग कशाचा आला ते लिहितो. माझ्या गाडीला तू बैल समजलीस? देवळालीच्या एका म्हाताऱ्या फौजी साहेबाच्या बागेत ती गाडी कोंबड्यांचं खुराडं होऊन पडली होती. मी एसटीच्या वर्कशॉपातून सुटलो की रोज तिच्याकडे जायचो. तिचा एकेक बोल्ट माझ्या हातचा आहे. तिला तूप-हळद चोळणारी तू कोण, आणि तिच्या ब्रेकला हात घालणारा तो वसमतचा रतनसिंग कोण? ट्रॅक्टर दुरुस्त करणारे हात आहेत ते. माझ्याकडे होती तोवर तिच्या चाकाला दुसऱ्याचं बोट लागलेलं नाही.

आता ब्रेकचं. गाडी उजवीकडे ओढते याचा अर्थ उजवं चाक धरतंय आणि डावं धरत नाही. बिघाड नेहमी ओढते त्याच्या उलट बाजूला शोधायचा. त्याची कारणं अशी. डाव्या चाकातला दट्ट्या गंजून अडकला असेल. नाहीतर रबरी नळी आतून फुगून बंद झाली असेल, बाहेरून ती धडच दिसते. आणि कधी कधी ब्रेकच्या पॅडला तेल-ग्रीस लागलेलं असतं, मग ती डिस्कवरून, म्हणजे चाकातल्या फिरत्या ताटलीवरून, नुसती घसरते. पण ते आपल्याकडे नाही, तिथे तेल येणार कुठून.

खरंच बिघाड आहे की बहाणा आहे हे तुला घरीच कळेल. दाजी चालवून आले की लगेच पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्याजवळ हात ने. लावू नको, भाजशील. तांब्यातून चार थेंब पाणी चाकाच्या तारांमधून आत टाक. जे चाक ब्रेक धरतं तिथे चर्र होईल. जे धरत नाही तिथे पाणी नुसतं ओघळेल. दोन्हीकडे चर्र झालं तर ब्रेक ठीक आहे आणि दाजी खोटं बोलतायत.

खेपांचं विचारतेस तर एक सांगतो. या गाडीचं सामान वसमतलाच काय, हिंगोलीलाही मिळत नाही. एकदा जाऊन माणसाला ते कळतं. पुन्हा पुन्हा कशाला जायचं, हे मलाही समजत नाही.

दाजींचा मध्यंतरी फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलले. खुशीत होते.

त्या डाव्या सीटवर तुझी वहिनी सोडून मी कधी कोणाला बसू दिलं नाही. सुनिता गेल्यावर तर पिशवीसुद्धा ठेवली नाही. एवढं लक्षात ठेव.

सोमेश्वर


सिद्धेश्वर, १९ सप्टेंबर

दादा,

तू सांगितलं तसं केलं. हे वसमतहून आले अन् आल्या आल्या ओसरीवर आडवे झाले. मी तांब्या घेऊन गोठ्यात. उजवीकडं भिंतीला अंग घासत शिरले, लुगडं फाटलं. पाणी टाकलं तर चर्र झालं, वाफ आली. डावीकडं टाकलं, काही न्हाई, तसंच खाली ओघळलं. म्हणजे ब्रेक खरंच बिघडलाय. तुला सांगते, मला आनंद झाला. तिथंच मातीत बसून घेतलं थोडा येळ.

पण तो आनंद घटकाभराचा ठरला. उठताना डाव्या सीटवर हात टेकला अन् हाताला पिवळं लागलं. हळद. सीटवर, खाली पायात, दाराच्या कडंला. आमच्या घरात हळद असतीच म्हणशील. असती, पण ती पोत्यात असती, सीटवर बसलेली नसती. वसमतला हळदीच्या गोदामात बाया कामाला असतात, संध्याकाळी अंगभर पिवळ्या होऊन निघतात. त्यातलीच कोणी असंल. गोदामातून काढून, बाजूला बसवून, हिंडवून आणतात.

मंग मी घरात जाऊन पेटी उघडली. का उघडली मला ठाऊक न्हाई. माझं हिरवं इरकल न्हाई पेटीत, दादा. आईनं थोरल्याच्या बारशाला नेसवलेलं. जिवनबाई हिरवं म्हणाली होती. माझं लुगडं नेसवून, माझ्या सीटवर बसवून, माझ्याच गावातून नेली तिला. चोरून नेली असती तर एवढी आग झाली नसती.

त्यांना विचारलं न्हाई. विचारलं तर काहीतरी सांगतील अन् मला ते पटंल, ही भीती वाटली. त्यांच्या ताटात वाढते अन् तोंडाकडं बघते. दोन खेपा विचारलं मला, "द्वारका, तुझं वजन घटलंय का गं?" म्हटलं, घटंल न्हाई तर काय. तर म्हणाले, "घटू देऊ नको, सगळा हिशोब चुकंल." कसला हिशोब, देव जाणे.

रतनसिंगनं दुसऱ्या गाडीची रबरी नळी बसवली. दट्ट्याही मोकळा हाय म्हणाला. पॅड जाड दिसली म्हणून काढून बघितली न्हाईत. पण गाडी ओढायची ती ओढतीच.

मी दिवसभर काम करते अन् डोक्यात तीच बाई. कशी असंल, बोलत काय असंल. वाऱ्यानं तिचा पदर उडतो तवा हे सावरत असतील का? मला सांग दादा, तुझ्या गाडीत बसलं की वहिनीला कसं वाटायचं? मला ठाऊकसुद्धा न्हाई.

द्वारका


नाशिक, २५ सप्टेंबर

द्वारके,

वहिनीला कसं वाटायचं विचारलंस. ती बोलायची नाही. हात दाराबाहेर काढून वारा धरायची. बस, एवढंच.

आता माझं ऐक. लुगडं गेलं, सीटवर हळद सापडली, जिवनबाईनं डोळ्यांनी पाहिलं. याच्यापुढे तुला आणखी काय पाहिजे? घरात बसून तोंडाकडे बघत राहिलीस तर काही हाती लागणार नाही. वाटेत गाठ. कालव्याच्या पुलाच्या अलीकडे वळण आहे, तिथे कोणालाही गाडी हळू करावी लागते. ऊस उंच झाला असेल, लांबून दिसणार नाहीस. उजव्या अंगाला उभी राहा, म्हणजे दाजी तुझ्या बाजूला येतील आणि तोंडावर विचारता येईल. ती बाई पलीकडच्या सीटवर अडकलेली असेल, पळून जाणार नाही.

आणि खरं निघालं तर गाडी त्या घरात ठेवू नको. ज्या गाडीनं घर मोडायला घेतलं ती दारात कशाला? मी टेम्पो आणि ओळखीचा माणूस पाठवतो. हिंगोलीहून सकाळी निघाला तर दुसऱ्या दिवशी इथे. चालवता येत नसली तरी पुसायला येते मला. इथे शेड रिकामीच आहे. मी ती कोणाला भाड्यानं दिलेली नाही.

दाजींना कळवू नको मी काय लिहिलं ते.

सोमेश्वर


सिद्धेश्वर, ७ ऑक्टोबर

सोमेश्वर दादा,

मी जिती हाय. ही बातमी आधी देते, कारण नसते तर ते तुला बेबीबाईनं कळवलं असतं.

दसरा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे सकाळी निघाले. मी शेताच्या वाटेनं आडवी कापून आधी पोचले. पुलाच्या अलीकडं, वळणावर, उजव्या अंगाला. तू सांगितलं तिथंच. तांबडी आली. टप न्हाई, सगळं उघडं. हे स्टेरिंगवर, अन् बाजूला हिरवं इरकल, डोक्यावरून पदर, मान खाली. माझं लुगडं मी दहा कोसावरून ओळखीन. मी रस्त्यात पाऊल टाकलं. हात वर केला न्हाई, हाक मारली न्हाई. मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

त्यांनी मला बघितलं अन् ब्रेक दाबला.

गाडी उजवीकडं ओढती हे मला ठाऊक होतं, दादा. मीच तांब्या घेऊन तपासलं होतं. पण उभी राहिले तवा ते डोक्यातच आलं न्हाई, डोक्यात नुसती ती बाई. गाडी सरळ थांबायची ती माझ्याच अंगावर फिरली. त्यांनी ब्रेक सोडला, चाक उलटं मारलं. तांबडी माझा पदर घासून गेली अन् बांध उतरून ह्यांच्या अमृतराव चुलत्याच्या हळदीत जाऊन रुतली. ह्यांचं कपाळ काचेवर आपटलं. रक्त आलं. अन् ती बाई उसळून बांधावर पडली, पोट फुटलं, अन् रस्ताभर हळकुंडं सांडली.

पोतं होतं ते. वाळल्या हळदीचं पोतं. माझ्या लुगड्यात गुंडाळलेलं.

मी कपाळाला पदर बांधला त्यांच्या. दोघंबी बांधावर बसलो. अन् मी पहिलं विचारलं काय तर, "हे पोतं तुमचं कोण लागतं?" मंग त्यांनी सांगितलं. मला दसऱ्याला औंढ्याला नेणार होते, नागनाथाच्या दर्शनाला, तांबडीत बसवून. पण डावीकडं माणूस बसला की ब्रेक कसा धरतो ते कळल्याबिगर मला बसवायचा धीर होत न्हवता. म्हणून माझ्या वजनाचं पोतं भरलं. भरताना दोन खेपा हळद वाढवावी लागली, हेपण सांगितलं मला त्या अवस्थेत. पट्ट्यानं बांधलं, तो पट्टा त्या दणक्यानं तुटला. वाऱ्यानं हळद उडती म्हणून वर लुगडं घेतलं. ताडपत्री काहून न्हाई घेतली, म्हटलं. तर म्हणाले, "लुगडं असलं की चालवताना तू बसल्यावानी वाटायचं. मी बोलायचोसुद्धा."

दादा, ह्या माणसानं पोत्याशी गप्पा मारल्या अन् मी घरात त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. त्यांना मला आधी सांगता आलं असतं की न्हाई? म्हणे, अचानक न्यायचं होतं. मला त्या पोत्याचा अजूनबी राग येतो. माझ्या आधी ते सगळं बघून आलं.

हे झालं त्यांचं. आता तुझं. मी विचारलं, असं पोतं ठेवून बघायचं डोकं कोणी दिलं तुमाला? तर म्हणाले, "तुझ्याच दादानं. पोळा झाल्यावर फोन केला तवा म्हणाले, डाव्या अंगाला वजन ठेवून चालवून बघा. लुगड्याचं सांगितलं तर लई हसले."

तू हसला होतास. म्हणजे माझं पहिलं पत्र तुला मिळायच्या आधीच तुला ठाऊक होतं ती बाई कोण. मी जळून राहिले होते अन् तू मला इकडचं तिकडचं बोलले म्हणून लिहिलंस. उजव्या अंगाला उभी राहा म्हणून लिहिलंस. गाडी उजवीकडं ओढती हे तर माझ्या आधी तुला कळत होतं.

एक माझंबी ऐक. काल ह्यांनी डावं चाक उतरवलं अन् रतनसिंगनं जाड म्हणून सोडलेली ती पॅड बाहेर काढली. पिवळीधमक. नाकाला लावली तर तुपाचा वास. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पोळ्याचं सांगितलं. चाकाला चोळता चोळता आत ती चकचकीत ताटली दिसली, म्हटलं हाच हिचा खांदा असंल, मंग तारांतून हात घालून तिलाच भरपूर चोळलं, उरलेलं तूप तिथंच ओतलं. हे आधी हसले, मंग डोळे पुसत बसले. म्हणाले, वर्षभरात तू तिला पहिल्यांदा मायेनं हात लावला अन् त्यानंच आपण दोघं मरत होतो.

टेम्पो धाडू नको. गाडी जाणार न्हाई.

द्वारका


नाशिक, १३ ऑक्टोबर

द्वारके,

तू विचारलंस ते सगळं खरं आहे. मला ठाऊक होतं.

दाजींनी फोनवर सांगितलं, तुमच्या बहिणीला बसवायचंय शेजारी, लुगडं गुंडाळून सराव करतोय. मी हसलो. फोन ठेवला आणि हसू गेलं. मग तुझं पत्र आलं. एका ओळीनं तुला शांत करता आलं असतं. मी ती ओळ लिहायला घेतली होती. पण मला दिसायला लागलं की तुम्ही दोघं तिच्यात बसून औंढ्याला चाललात, तू हात बाहेर काढून वारा धरलायस. ती जागा सुनिताची. गाडी दिली तेव्हा वाटलं होतं दाजी एकटेच हिंडतील, सीट रिकामी राहील. गाडी दुसऱ्यानं चालवली ते मी सोसलं. सीट भरलेली मला सोसवेना. तुम्ही भांडलात तर गाडी परत येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नवरा-बायको शेजारी बसलेले दिसले की या वयातही मी जळतो, मग ते रस्त्यावरचे कोणी का असेनात. तू तर माझी बहीण.

उजव्या अंगाला उभी राहा असं लिहिताना मला गाडी कुठे ओढते याचा विचारही आला नाही. माझं सगळं आयुष्य ब्रेकमध्ये गेलं आणि मला नुसती ती सीट दिसत होती. तुपाचंही तसंच. तू पहिल्याच पत्रात सांगितलं होतंस. डावं चाक, तूप. वर्कशॉपातल्या कोणीही सांगितलं असतं तर मी पुढचं न ऐकता म्हणालो असतो, पॅड काढा. पण तू माझ्या गाडीला हात लावलास याचाच राग आला आणि पुढे मीच लिहिलं की तिथे तेल येणार कुठून.

याबरोबर एक बिस्किटाचा डबा कुरियरनं पाठवलाय. त्यात दोन्ही चाकांच्या पॅडची नवी जोडी आहे. ती मिळत नाही असं मी दाजींना सांगितलं होतं. माझ्याकडेच होती. गाडी दिली आणि थोडं थोडं मागे ठेवलं. दुसरी चावीही माझ्याकडेच आहे. मी ती खिशात ठेवतो.

दाजींना सांग, जुनी पॅड पेट्रोलनं धुऊन परत लावू नका, तूप आत मुरलेलं असतं. डिस्क मात्र स्पिरिटनं पुसा, फडकं पिवळं निघायचं थांबेपर्यंत. पॅड दोन्हीकडे नवी घाला, एका बाजूला नवी आणि एका बाजूला जुनी घातली की पुन्हा ओढ लागते. मग रिकाम्या रस्त्यावर हळूहळू ब्रेक मारत पॅड बसू द्या. तोवर शेजारी कोणाला बसवू नका. पोतं चालेल.

भाऊबीजेला मी येणार नाही. कोणत्या तोंडानं ताटासमोर बसू?

सोमेश्वर


सिद्धेश्वर, १७ ऑक्टोबर

दादा,

डबा पोचला. हे पत्र ह्यांच्या समोर बसून लिहून राहिले, बेबीबाईची आता गरज न्हाई.

पॅड घातली. डिस्क पुसायला मीच बसले होते, फडक्यामागून फडकं, माझंच तूप ते. ह्यांनी पोतं बांधून कालव्याच्या रस्त्यानं चालवली, पुलाच्या वळणावर करकचून ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर थांबली. मंग पोतं उतरवलं अन् मला म्हणाले, "ये, बैस."

मी बसले न्हाई.

मला बसायचं होतं, लई बसायचं होतं. वर्षभर त्याच जागंसाठी मी जळले. पण पाय उचलला अन् वहिनीचा हात आठवला, तू लिहिलेला, दाराबाहेर काढलेला. तुझ्यावरचा माझा राग गेला न्हाई, दादा. तू मला गाडीखाली घालत होतास. पण मी ज्या बाईवर जळले ती निघाली हळद, अन् तू जिच्यासाठी जळून राहिलास ती खरी होती. तिच्या जागंवर तुझ्या नाकावर टिच्चून बसायचं मला जमलं न्हाई.

म्हणून मी ठरवलंय ते ऐक. भाऊबीजेला तू येशील. न्हाई म्हणायची सोय न्हाई, मी ताट मांडून बसणार. ओवाळणीत साडी आणू नको, माझं इरकल धुऊन वाळत घातलंय, थोडं पिवळं राहिलं पण नेसता येतं. ताटात ती दुसरी चावी टाक. अन् मला चालवायला शिकव. ह्यांना शिकवता येत न्हाई, हे लगेच ओरडतात. तू बाजूला बसून नुसतं सांग, कवा दाबायचा, कवा सोडायचा. कडंचं तुला दिसत न्हाई, ते मी बघीन. ब्रेकचं मला आता बरंच कळतंय.

तर मी स्टेरिंगवर, अन् वहिनीच्या जागंवर तू. तिथं बसायचा हक्क असलाच तर तुझाच हाय. औंढ्यापर्यंत जाऊन येऊ.

हे विचारून राहिलेत, मंग मी कुठं बसू? त्यांना म्हटलं, तुमी पोतं घेऊन मागून मोटरसायकलवर या. वर्षभर मी जळले, आता थोडं तुमीबी जळा.

द्वारका